पडद्यावरची दाटी

एका धरणाच्या काठी एकदा असा उन्हाळा आला, की मासेमारांच्या वस्तीने गाशा गुंडाळायला घेतला. जाळी रिकामी येत होती. वस्तीत एक वृद्ध होता आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला एक शिष्य. वस्ती मोडणार, हे शिष्याला मान्य नव्हते. अखेर त्याने शहरातून एक यंत्र आणले. ते पाण्यात आवाज सोडी आणि प्रतिध्वनीवरून खालचे मासे पडद्यावर दाखवी.

धरणाच्या खोल भागात पडद्यावर माशांचा जाड पट्टा उमटला. शिष्य हरखून गेला. त्याने लगेच वस्तीत कळवले, की मासे आहेत, आता वस्ती सोडून कुणी जायचे नाही. आशा लागलेला माणूस खात्री करायला थांबतो थोडाच? मग त्याने वृद्धाला होडीतून तिथे नेले.

"बाबा, बघा. एवढे मासे जन्मात पाहिले नव्हते."

वृद्धाने पडद्यावर पट्ट्याच्या खालच्या कडेला बोट ठेवले. "या पट्ट्याच्या खाली एकही कसा नाही रे?"

 मग वृद्धाने गळाला नुकताच लागलेला एक जिवंत कटला तारेच्या पिंजऱ्यात घातला, पिंजऱ्याला धोंडा बांधला आणि दोरीने पार तळाशी सोडला. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असे शिष्याला क्षणभर वाटले. काही वेळाने पिंजरा वर आला. माशाच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण तो मेलेला होता.

"तळाच्या पाण्यात आता श्वास उरलेला नाही," वृद्ध म्हणाला. "वरचे पाणी उन्हाने तापले आहे. मधल्या एवढ्याशा थरात हे जीव मुठीत धरून उभे आहेत. साऱ्या धरणात मिळून उरले ते इतकेच. तुला ती भरभराट वाटली. आज जाळे टाकलेस, तर वस्ती महिनाभर तग धरेल आणि मग कायमची उठेल. पावसापर्यंत यांना हात लावला नाही, तर निदान परत यायला काही राहील."

"म्हणजे आपण जायचं?"

"जायचं."

शिष्याला रडू आवरेना. वृद्धाने त्याला रडू दिले आणि स्वतः वल्ही हाती घेतली.

त्या संध्याकाळी शिष्य घरोघर गेला. सकाळपासून आनंदात असलेल्या माणसांना त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, की उद्या निघायचे आहे. कुणी चिडून विचारले, "अरे, पण मासे आहेत म्हणालास ना?"

"आहेत," तो म्हणाला. "पण आहेत ते सगळे तेवढेच आहेत."