उंदीरमामाची अंकलिपी

तुमचे गुरुजी रांगत होते तेव्हाची गोष्ट. एक उंदीरमामा दोन भाच्यांना अक्षरं शिकवायला वाचनालयात घेऊन गेला. उंदरांची रीत अशी, की अक्षर कुरतडूनच शिकायचं. तिथे अंकलिपी एकच होती. थोरल्या टिकलीने पहिला ‘क’ कुरतडला आणि ओरडली, “आला मला!”

धाकटी भिंगरी पुढे सरकली, तर पानाला भोक!

“मामा, माझा ‘क’ कुठंय?”

“टिकलीच्या पोटात.”

“मग मी शिकू कशी? टिकलीला खाऊ?”

मामा गडबडला. “टिकले, हिला ‘क’ काढून दाखव बरं.”

“काढून? मामा, तो गोड होता एवढं ठाऊक आहे.”

“अगं, पण दिसायला?”

“तुम्हीच सांगा की!”

मामाने डोळे मिटून खूप आठवलं. त्यालाही नुसती चवच आठवली.