लांबतच गेलेला दोर

एकदा काय झालं, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक अल्याड, एक पल्याड. मधे पाणी गुडघाभर. सुगी आटोपली की दोन्ही गावं आपापल्या काठावरून दोर ओढायची. हरणारे धपाधप पाण्यात पडायचे. मग जिंकणाऱ्यांनी त्यांना घोंगडी पांघरवायची आणि गरम थालीपीठ वाढायचं. अशी रीत होती, बरं का.

दोर वळायची ठकू. अल्याडची लेक, पल्याडची सून. अंबाडी दोन्ही गावांची, पीळ तिचा. असा दोर पंचक्रोशीत नव्हता. तरी ठकूला मेलीला दर वेळी वाटायचं, यंदा तुटणार.

एका वर्षी पल्याड जिंकलं आणि म्हणालं, अल्याडकरांनी आपली पाळण्याची दोरी ओढावी. सगळे हसले. दुसऱ्या वर्षी अल्याड जिंकलं. त्यांनी थालीपीठ वाढलं, पण बिनमिठाचं. कुणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षी पल्याड जिंकलं, आणि घोंगडीच दिली नाही. माणसं कुडकुडत घरी गेली.

मग चौथ्या वर्षी ठरलं, हरेल त्या गावाने पुन्हा नदी ओलांडायची नाही.

अल्याडच्या रांगेत पुढे ठकूचा भाऊ भिवा, पल्याडच्या रांगेत पुढे तिचा नवरा. कुणीही हरो, माहेर तुटणार ते तिचंच.

दातओठ खाऊन ओढाओढ सुरू झाली. आणि नवल असं, की दोर लांबायला लागला. अल्याडकर मागे मागे गेले, शेत ओलांडून, टेकडी ओलांडून, पार रानात. पल्याडकरही तसेच त्यांच्या बाजूला. ठकूला वाटलं, आपलाच पीळ चुकला. कडेवर आपली तान्ही लेक घेऊन ती नदीत एकटीच उभी.

तिकडे रानात भिवाने आरोळी ठोकली, जिंकलो. मग बघतो तर समोर कुणीच नाही. जिंकलो ते दाखवायचं कुणाला? पलीकडेही तीच गत.

मग ठकूने दोराला तोंड लावलं आणि हळूच म्हणाली, "दादा, थालीपीठ गार होतंय. मीठ घातलंय हो यंदा."

शब्द दोरावरून दोन्हीकडे सरसरत गेले. आधी भिवा हसला, मग पलीकडे तिचा नवरा. मुठी सैल पडल्या. दोर आखडला आणि सगळ्यांना घेऊन आला, रानातून टेकडीवर, टेकडीवरून शेतात, शेतातून थेट पाण्यात. आधी कोण पडलं, कळलंच नाही. मग सगळ्यांनी सगळ्यांना घोंगडी पांघरवली.

अजूनही ती गावं दोर ओढतात, चिडवतातसुद्धा. पण आधी घोंगड्या काठावर आणून ठेवतात, मगच दोराला हात लावतात. आल्यागेल्याला छाती फुगवून सांगतात, हा दोर आमच्या ठकूचा. आमच्या म्हणजे नक्की कुठल्या गावाच्या, यावर तेवढं भांडण आहे.

आणि ठकूला यंदाही वाटतंय, तुटणार. नाही तुटत. चला पोरांनो, तुमचीही ओढाओढ पुरे. एकच पांघरूण आहे, दोघांनी नीट घ्या, आणि मिटा डोळे.