पालखीचा ठसा

एका राज्यात एक ठसेकरीण राहत होती. सागवानी लाकडावर ती वेलबुट्टी कोरायची आणि रंगारी ते ठसे रंगात बुडवून लुगड्यांवर मोर उमटवायचे. लग्नघरात तिच्या हातचा मोर नसला तर वरमाय नाक मुरडायची, इतकं तिचं नाव होतं. बोलायची मात्र बेताचं. जे सांगायचं ते ती पटाशीने सांगायची.

त्या राज्याचा राजा तसा वाईट नव्हता. त्याला फक्त गोड ऐकायची सवय लागली होती आणि त्याच्या चार मंत्र्यांना गोड बोलायची. राजा बाहेर पडायचा तो पडदे सोडलेल्या पालखीतून. मंत्री म्हणायचे, "महाराज, बाहेर धूळ फार." राजा म्हणायचा, "बरं." असं बरं बरं म्हणता म्हणता त्याला स्वतःचं राज्य दिसेनासं झालं.

एका पावसाळ्यात गावाबाहेरच्या मोठ्या तळ्याचा बांध फुटला. बांधाच्या डागडुजीसाठी काढलेलं धान्य चौघा मंत्र्यांच्या कोठारांत गेलं होतं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तळं वाहून गेलं, पाऊस सरताच विहिरी आटल्या, बायका लांबच्या नदीवर घागरी घेऊन जाऊ लागल्या. राजवाड्याची विहीर खोल होती, त्यामुळे तिथे कुणाच्या घशाला कोरड पडली नाही. "तळं कसं आहे?" राजा अधूनमधून विचारायचा. "तुडुंब, महाराज," चौघे एका सुरात सांगायचे.

ठसेकरीणही नदीवर जायची. एकदा परतताना तिच्या पुढे चालणारी एक गरोदर बाई घागरीसकट मटकन खाली बसली. पाणी सांडलं आणि ती बाई ओल्या मातीकडे बघत रडायला लागली. ठसेकरणीने तिला घरी पोचवलं, आपली भरलेली घागर तिच्या दारात ठेवली, घरी येऊन पटाशी हातात घेतली. तिला इतका संताप आला होता की त्या दिवशी मोर कोरणं शक्यच नव्हतं.

पुढच्या बाजारात भाजीच्या टोपल्यांखाली, देवळाच्या पायरीवर, न्हाव्याच्या दुकानात कागद सापडू लागले. कागदावर एक पालखी होती. आत राजा घोरत पडलेला, मुकुट नाकावर घसरलेला. पालखीचे भोई म्हणजे ते चार मंत्री. चौघांची तोंडं चार दिशांना, आणि जो तो पालखी आपापल्या घराकडे ओढतोय. त्यांतल्या प्रधानाचं पोट तर असं, की दांडी त्याच्या खांद्यावर कमी आणि पोटावर जास्त टेकलेली. लोक कागद बघत, मग मागे कुणी उभं नाही ना ते बघत आणि मग हसत. त्या गावात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसत होतं.

एक कागद प्रधानाच्या हाती पडला. त्याने स्वतःचं पोट ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. गावभर शिपाई फिरले, सापडले तेवढे कागद जाळले गेले. मग तो राजापुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, कुणीतरी आपल्या अब्रूवर चिखल उडवलाय. अपराध्याचा उजवा हात तोडला पाहिजे."

"आहे काय त्या चित्रात?"

"महाराजांनी बघण्यासारखं नाही."

"बरं," राजा म्हणाला आणि त्याने हुकुमावर मोहोर उठवली.

शिपाई ठसेकरांच्या आळीत शिरल्याचं कळलं तेव्हा ठसेकरणीची चूल पेटलेली होती. पालखीचा ठसा आत सरकवला असता तर भाकरी भाजून होईपर्यंत त्याची राख झाली असती. पण त्या आळीची एक रीत होती. हातून घडलेल्या ठशाला आग दाखवायची नाही. त्याचं काम संपलं की हळदकुंकू वाहायचं आणि त्याला नदीत सोडायचं. तिच्या आजीने हेच केलं, आईने हेच केलं. ठसा चुलीपर्यंत नेऊनही तिचा हात पुढे होईना. शेवटी तिने तो धुण्याच्या टोपलीत घातला, शिपायांच्या समोरून नदीवर नेला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पाण्यात सोडला. आपण सुटलो, असं तिला वाटलं.

ठसा वाहत वाहत खालच्या वस्तीपाशी एका कोळ्याच्या जाळ्यात अडकला. कोळ्याने तो उलटसुलट करून पाहिला. पाण्याने फुगलेल्या त्या काळ्या नक्षीतून त्याला काही उमगलं नाही, पण लाकूड चांगलं होतं. त्याच्या भाताच्या हंड्याला झाकण नव्हतं, ते आता झालं. काही दिवसांनी फुकटचे मासे न्यायला आलेल्या शिपायाने हंड्यात काय शिजतंय ते बघायला झाकण उचललं आणि त्यावरची पालखी ओळखली.

लगेच दवंडी पिटली गेली. अपराधी सापडला आहे, सर्वांनी राजवाड्याच्या चौकात हजर व्हावं. नदीकडे निघालेल्या बायका वाटेतूनच रिकाम्या घागरी घेऊन आल्या. ठसेकरीणही आली. चौकाच्या मधोमध लाकडाचा एक ओंडका होता, शेजारी कुऱ्हाड घेतलेला माणूस आणि ओंडक्यावर उजवा हात बांधलेला तो कोळी. त्याची बायको जमिनीवर बसली होती. तिचे डोळे रडून सुकून गेले होते.

हा माणूस कोण, कुठला, ठसेकरणीला माहीतही नव्हतं. आपण ते लाकूड चुलीत घातलं असतं तर ते कुणाच्या जिवावर उठलं नसतं, आपली रीत याचा हात घेऊन जाणार, एवढंच तिला कळत होतं. बोलावं तर आपला हात जाणार. हात गेला तर पटाशी गेली, मोर गेला, पोटाची भाकरी गेली. ती गर्दीत उभी राहिली आणि तिला आपल्या गप्प राहण्याची लाज वाटली.

राजा गच्चीवरून खाली आला. कोळी मान वर करून म्हणाला, "म्हाराज, माझा हंडा उघडा व्हता, म्हनून मी लाकूड उचललं. त्याच्यात तुमची काय बेअदबी हाय मला ठावं न्हाई. हात जायाचाच असंल तर कशापायी जातुया, त्येवढं तरी दावा."

राजा जरा घुटमळला. "मीही पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "प्रधानजी, ते चित्र आणा."

"सगळे कागद जाळले, महाराज."

"ठसा आहे ना? मग छापा. इथे छापता कुणाला येतं?"

आळीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. ठसेकरीण पुढे झाली. शाई आली, कागद आला. प्रधान तिच्या बाजूला येऊन हळूच पुटपुटला, "हात जरा हलू दे, बाई. शाई फिसकटली की झालं. तुझ्या आळीचं भलं करीन."

कागद जरासा सरकला असता तर चित्राचा चिखल झाला असता. राजाला काही दिसलं नसतं आणि तीही घरी गेली असती. तिने कोळ्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग ठशावर शाई सारखी केली, कागद टेकवला आणि मधून कडेला, मधून कडेला तळहाताने दाबत गेली. कागद उचलला तेव्हा रेघ न रेघ स्वच्छ उठली होती.

राजाने कागद हातात घेतला. राजाचे कान लाल होत चालले होते.

इतक्यात कोळ्याने मान लांब करून कागदात डोकावलं आणि तो हसला. हात ओंडक्यावर, शेजारी कुऱ्हाड, आणि तो माणूस हसत होता. थांबायचा प्रयत्न करत होता, पण त्याला थांबता येईना. "प्वाट," तो कसाबसा म्हणाला, "परधानाचं प्वाट बगा."

राजा त्याच्याकडे रोखून बघत राहिला. "तू हे आज पहिल्यांदा पाहिलंस," तो सावकाश म्हणाला. "ज्याने हे कोरलं, त्याचं हसून कधीच झालं असणार. सोडा याला. हे कुणी केलंय?"

"मी," ठसेकरीण म्हणाली. कोळ्याचा हात सुटला त्या जागी तिने आपला उजवा हात ठेवला.

"मी झोपतो, हा काय तुझ्या रागाचा विषय?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज. तळं."

"तळं तर तुडुंब आहे."

ठसेकरणीने गर्दीतल्या घागरींकडे पाहिलं. गर्दीतून ती गरोदर बाई पुढे आली आणि तिने आपली घागर राजाच्या पायापाशी फरशीवर उपडी केली. एक थेंबही पडला नाही. मग दुसरीने केली, तिसरीने केली. चौकभर रिकाम्या घागरी फरशीवर आपटत राहिल्या, आणि मंत्री एकमेकांच्या मागे लपायला जागा शोधू लागले.

पालखी आणली गेली. राजाने ती परत पाठवली आणि तो चालत तळ्यावर गेला. तळ्याच्या भेगाळलेल्या मातीत शेळ्या चरत होत्या. राजाने वाकून एका भेगेत हात घातला, तो कोरडाच बाहेर आला. परत आला तेव्हा ठसेकरणीचा हात अजून ओंडक्यावरच होता, कारण तो काढ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला ते चित्र आवडलेलं नाही," राजा म्हणाला.

"आवडावं म्हणून कोरलं नव्हतं, महाराज."

"हात उचल. तो पुढे लागेल."

मंत्र्यांची कोठारं उघडली आणि तेच धान्य बांधावरच्या मजुरांना मिळालं. चौघे मंत्री डोक्यावर मातीची पाटी घेऊन बांधावर येऊ लागले, आणि सगळ्यात पुढे पाटी घेऊन राजा असायचा. पुढच्या बाजारात नवा कागद आला. राजाच्या डोक्यावर मातीची पाटी, आणि पाटीखाली चुंबळ म्हणून मुकुट. या वेळी पहिला कागद राजानेच मागवला. बघितला, हसला आणि म्हणाला, "माझं नाक काही एवढं मोठं नाही." बाजारातल्या कुणालाही ते पटलं नाही.

पालखीचा ठसा राजाने आपल्या बैठकीसमोर टांगून घेतला. त्यामुळे कोळ्याचा हंडा पुन्हा उघडा पडला. ठसेकरणीने त्याला माशांची नक्षी कोरून नवं झाकण नेऊन दिलं, आणि त्याच्या बायकोसमोर मान खाली घालून माफी मागितली. बायकोने झाकण हंड्यावर बसवून पाहिलं, ते नीट बसलं, तेव्हा तिने ठसेकरणीला जेवायला बसवलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावर हसायला लोक भितात, त्याच्यापर्यंत तळं फुटल्याची बातमीही पोचत नाही. आणि आपण केलेल्या कामाची शिक्षा दुसऱ्याच्या हातावर पडत असेल, तर आपला हात पुढे करावा.