भाटवेळच्या मुलांनी शिवलेलं शीड

फार वर्षांपूर्वी, भाटवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि होड्यांना इंजिनं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा वारा असला तर होडी चालायची आणि वारा धरायला शीड लागायचं. आणि शीड शिवावं ते आवडाबायनंच, असं म्हणतात.

आवडाबाय मूळची कुठली, ते आज कोणालाच नक्की सांगता येत नाही. कोणी म्हणतं, ती दूरच्या बंदरावरच्या एका शीड शिवणाऱ्याची लेक होती आणि लग्न होऊन आली ती पदराला दाभणांचा पुडा बांधून. दाभण म्हणजे जाड सुई, बोटाएवढी लांब. नवरा लवकर वारला, मूलबाळ झालं नाही. मग तिनं पडवीत मांजरपाटाचे पट्टे पसरले आणि शिडं शिवायला बसली, ती जन्मभर बसली. उंच, हाडकुळी बाई. मिश्रीनं काळे झालेले दात. आवाज असा की ती पडवीत ओरडली की बंदरावरची झोपलेली कुत्री उठून बसत. पण हात! तिच्या शिडाचं कापड फाटेल, पण शिवण उसवणार नाही. वादळात कापडाच्या चिंध्या झाल्या तरी तिच्या शिवणी डोलकाठीवर दोरखंडासारख्या लोंबत राहायच्या, असं म्हणतात.

पुढं आवडाबायच्या डोळ्यांत फूल पडलं. आधी एका, मग दुसऱ्या. सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा गावातला सगळ्यांत जुना दर्यावर्दी, रावजी तांडेल, तिच्या पडवीत येऊन बसला.

"बाय, आता आमची शिडं कोण शिवणार?"

"पोरं शिवतील."

"कोणाची पोरं?"

"तुमची. मला कुठं आहेत?"

रावजी हसला. पण आवडाबाय हसली नव्हती. तिनं गावात निरोप फिरवला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेवढे महिने मी मुलांना शिवण शिकवीन. दुधाचे दात पडायला लागले की आणा. मुलगा चालेल, मुलगी चालेल. मात्र आधी नुसत्या आईबापांनी यायचं. पोरानं मागून.

आता हे गावाला नवल होतं. शिकायचं पोरांनी, मग आईबापांना कशाला बोलावते ही? पण गेले. पावसाची सर कौलांवर वाजत होती, पडवीत घोंगड्यांचा वास भरला होता आणि मधोमध आवडाबाय डोळे मिटून बसली होती.

"सुई टोचणार," ती म्हणाली. "रक्त येणार. पोर रडणार. तेव्हा धावत यायचं नाही. हळद माझ्याकडं आहे."

एका बाईनं विचारलं, "लहान सुई नाही का द्यायची, बोथटशी?"

"बोथट सुई जोर करून ढकलावी लागते. ती जास्त लागते. धारेची सुई हळू चालवायची, ते मी शिकवीन. आणि सुया सगळ्या माझ्याजवळ परत आल्याशिवाय कोणी उठणार नाही. घरी जायला उशीर झाला तर समजायचं, एक सुई सापडत नाहीये. हाका मारत यायचं नाही."

मग ती म्हणाली, जेवायला घालून पाठवा, उपाशी पोराचा हात थरथरतो. डावऱ्या पोराचा डावा हात बांधू नका, तो मला तसाच हवाय. नवं कापड देऊ नका, जुनं लुगडं द्या. नव्या कापडाला पोर भितं. कोणाच्या पोरानं काय केलं आणि तुझ्यानं का नाही, हे घरात काढू नका.

"आणि महिना महिना नुसता सरळ धावदोरा घालतील," ती म्हणाली. "घरी आल्यावर, आज काय शिवलंस, दाखव, असं विचारू नका. दाखवायला काही नसेल."

लोक माना डोलवत होते. तिला दिसत नव्हतं, पण कळत होतं. शेवटी तिनं आवाज खाली आणला. तो खाली आला म्हणजे पडवी गप्प व्हायची.

"वाकडं शिवतील. ते तुम्ही उसवायचं नाही. तुम्ही शिवून द्यायचं नाही. एवढं जमत असेल त्यांनी उद्या पोर आणा."

सगळे हो म्हणाले. त्यात सुंदरा होती.

सुंदरा ही गावातली धडाडीची बाई. तिचा नवरा विठू मोठ्या होडीवर होता आणि ती मासळीची पाटी घेऊन डोंगरापलीकडच्या बाजारापर्यंत जाऊन यायची. तिच्या हाताला उसंत नाही आणि कोणाचा संथपणा तिला बघवत नाही, असं सारे म्हणत. तिची लेक तानी मात्र अगदी संथ. भात खाताना एकेक शीत बघून खाणारी. सुंदराला वाटलं, शिवण शिकली तर जरा चटपटीत होईल.

तानी बसली. तिचे टाके कधी मुंगीसारखे बारीक, कधी बेडकाच्या उडीएवढे. सुया ठेवून झाल्यावर मुलांनी आपापलं कापड घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, अशी रीत होती. सुंदरानं लेकीचं कापड बघितलं. शेजारणीच्या पोराची शिवण सरळ, आणि हिची ही अशी? तानी बाहेर खेळत असताना तिनं ती भराभर उसवली आणि घरातल्या सुईनं आपल्या हातानं नीट घालून ठेवली. तानीनं परत येऊन पाहिलं. कापडाची घडी घालून ठेवली.

असं बरेच दिवस चाललं. आवडाबाय रोज सकाळी मुलांच्या शिवणीवरून बोट फिरवायची. पोरांचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण टाका कोणाचा ते बोटाला कळायचं. तानीच्या शिवणीवर बोट थांबायचं आणि पुढं जायचं. मग एक दिवस तानी सुई हातात घेऊन नुसती बसून राहिली. सांगितलं तरी टाका घालेना.

"का गो?"

"वाकडा येईल."

"येऊ दे."

"मग आई उसवेल."

आवडाबाय उठली. पावसात, काठी टेकत, ती सुंदराच्या दारात गेली. सुंदरा मासे साफ करत होती. ती घाबरून उभी राहिली.

"तुझी शिवण चांगली आहे," आवडाबाय म्हणाली. "सरळ आहे."

सुंदराची मान खाली गेली.

"पण मला तानीची हवी होती. वाकडी बघून, कुठं चुकलं ते तिनं शोधायचं. तीच एक गोष्ट मी शिकवते, बाकी सगळं हाताला आपोआप येतं. तू ती रोज तिच्या हातून काढून घेतलीस. आता तिला चुकायची भीती वाटायला लागली."

"मी तिच्यासाठीच केलं, बाय."

"ठाऊक आहे. परकी बाई कशाला करील?"

एवढं बोलून आवडाबाय परत गेली. सुंदरा त्या दिवशी रडली, असं म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून तानी कापड घेऊन घरी आली की सुंदरा उठून विहिरीवर जायची. गरज नसताना घागरी भरून आणायची. त्या पावसाळ्यात तिच्या घरात ठेवायला जागा नव्हती इतकं पाणी होतं. आणि तानी ओट्यावर बसून घरातल्या सुईनं टाके घालायची, बघायची, उसवायची, पुन्हा घालायची.

पावसाळा सरला, तोवर मुलं शिडाच्या दुहेरी शिवणीपर्यंत पोचली होती. दर्याला नारळ दिला आणि होड्या बाहेर पडल्या. गावात बायका, म्हातारे आणि पोरं उरली.

आश्विनातल्या एका दिवशी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना वादळ आलं. असं वादळ त्यानंतर झालं नाही, असं म्हणतात. माडांचे शेंडे जमिनीला लागले. सकाळी वारा पडला, तेव्हा समोरच्या कासवबेटावर धूर दिसला. गावातल्या साऱ्या होड्या त्या बेटाच्या खडकांवर आपटून फुटल्या होत्या आणि माणसं बेटावर चढून बसली होती.

जिवंत होती, म्हणून बायकांनी हात जोडले. पण रावजी तांडेलाचा चेहरा काळा पडला. कासवबेटावर गोडं पाणी नाही. तिथं ना झाड, ना सावली. आणि बेटाच्या अलीकडं पाण्याला अशी ओढ आहे की नुसत्या वल्ह्यांनी ती तोडता येत नाही, शीड पाहिजे. गावात एकच होडी उरली होती, दुरुस्तीला काढलेला एक जुना पडाव. त्याचं शीड उंदरांनी खाल्लेलं.

"दुपारच्या भरतीला निघालो तर पोचू," रावजी म्हणाला. "ती गेली की ओढ वाढेल. आणि ऊन तर बघताच आहात."

सगळे आवडाबायकडं धावले. तिला आता काहीच दिसत नव्हतं. ती म्हणाली, "पोरांना बोलवा."

पडवी पुरेना म्हणून देवळासमोरच्या अंगणात बसले. घराघरातून लुगडी आली, गोधड्या आल्या, एका नव्या नवरीनं आपला शालू आणून टाकला. रावजीनं खडूनं माप आखलं. बायकांनी कापड कापलं, दोऱ्याला मेण लावलं. आणि मुलं ओळीनं बसली, तळहाताला चामड्याचे तुकडे बांधून, दाभणं घेऊन. शिडाची दुहेरी शिवण गावात त्यांच्याशिवाय कोणाला येत नव्हती. बायकांना जाळी विणता यायची, मासळी विकता यायची. शीड कायम आवडाबायकडं जायचं.

मुलं शिवत होती आणि आया उभ्या राहून बघत होत्या. हे सोपं नव्हतं हं. त्या टाक्यांवर नवऱ्यांचा जीव टांगलेला. कोणाच्या पोराचं बोट रक्ताळलेलं. एक बाई पुढं झाली, "दे इकडं, मी घालते पटकन." आवडाबाय आवाजाच्या दिशेनं ओरडली आणि ती बाई मागं सरली.

ऊन डोक्यावर आलं. भरती चढायला लागली. आणि तानीनं हात थांबवला.

"चुकलं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. मधल्या, सगळ्यांत जोर येणाऱ्या शिवणीत तिनं एक पट्टा उलटा जोडला होता. वरून दिसत नव्हतं. तानीनं दाभणाच्या टोकानं टाके उसवायला सुरुवात केली.

"अगो राहू दे!" बायका ओरडल्या. "वेळ नाही! कोणाला कळतंय?"

"वाऱ्याला कळेल," तानी म्हणाली. मग तिनं आईकडं बघितलं.

सुंदराचा नवरा बेटावर होता. तिला समुद्र दिसत होता, चढतं पाणी दिसत होतं, आणि लेकीच्या हातात उसवत चाललेली शिवण दिसत होती. ती लेकीच्या आणि बायकांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"उसवू दे तिला," ती म्हणाली. "कोणी बोलायचं नाही."

बायका मागं सरल्या. तानीनं सारी शिवण उसवली, पट्टा पालटला आणि पहिल्यापासून घातली. तेवढा वेळ भरतीचं पाणी पडावाच्या बुडाशी येऊन थांबलं, वर चढलं नाही आणि मागं गेलं नाही, असं म्हणतात. शेवटची गाठ पडली तेव्हा लाट आली आणि तिनं पडाव आपणहून उचलला.

रावजी सुकाणूवर बसला. वल्ह्यांना बायका बसल्या, पाण्याचे हंडे मधोमध ठेवले. सुंदरानं पुढचं वल्हं धरलं. लुगड्यांचं, गोधड्यांचं, शालूचं ते शीड वर चढलं. तसं शीड दर्यानं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी खाडीत वारा नेहमी समोरून येतो. त्या दिवशी तो मागून आला, असं म्हणतात. बेटाजवळ ओढ लागली, पडाव एका अंगावर कलला, डोलकाठी करकरली, कापड जागोजागी फाटलं. सुंदरानं वर पाहिलं. तानीची मधली शिवण ताणून ताणून तारेसारखी झाली होती. पण एक टाका हलला नाही.

माणसं आली. सगळी. विठू किनाऱ्यावर उतरला तो पाय धड टाकता येत नसताना. तानी अंगणात त्याच दाभणाशेजारी झोपून गेली होती, त्यानं तिला तशीच उचलली.

काही जण सांगतात, तो पडाव जाऊन येईपर्यंत आवडाबाय किनाऱ्यावर मुठीत एक दोरा घट्ट धरून बसली होती आणि त्याचं दुसरं टोक समुद्रात दूरवर गेलेलं दिसत होतं. पडाव लागला तेव्हा तिनं मूठ उघडली. तळहातावर दोऱ्याचा खोल वळ होता. तो मरेपर्यंत गेला नाही, असं म्हणतात.

पुढं कित्येक वर्षांनी आवडाबाय गेली. तेव्हा भाटवेळला इतकी शीड शिवणारी माणसं होती की आसपासच्या खाड्यांतून लोक तिथं येत. तानी त्यांतली पहिली होती.

आता होड्यांना इंजिनं आहेत, आणि शिडाची कोणाला गरज नाही. तरी पावसाळा लागला की भाटवेळला मुलांची शिवण बसते. दुधाचे दात पडू लागलेली मुलं येतात, पण आधी त्यांचे आईबाप येतात. पडवीत मांडी घालून बसतात आणि सगळं ऐकून घेतात. सुई, हळद, जेवण, डावा हात, वाकडा टाका. सांगणारी बाई दर पिढीला बदलते. काही आया त्या महिन्यांत विनाकारण विहिरीवर जातात.

नारळी पौर्णिमेनंतर मुलांनी शिवलेलं शीड एका होडीवर चढवतात. इंजिन बंद ठेवतात. मुलं किनाऱ्यावर राहतात आणि होडीत आईबाप बसतात, कासवबेटाला वळसा घालून यायला. त्याला आवडाबायची फेरी म्हणतात.

मागच्या खेपेला शहरातून नव्यानं राहायला आलेली एक आई होडीपाशी थबकली. तिच्या मुलानं शिवलेला निळा पट्टा शिडात अगदी मधे होता आणि बराच वाकडा होता. ती सुकाणूवरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "काका, टिकेल ना हो?"

म्हातारा म्हणाला, "वर चढा, ताई."

ती चढली. मूल किनाऱ्यावरून बघत होतं.