तुमचं नुओक कुठलं?

"एक नुओक पडलं, की शेजारचं पडतं, गुरुजी. मग त्याच्या शेजारचं. हे कुठंतरी अडवायला नको का?"

गुरुजींनी वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं.

"पडतं खरं," ते म्हणाले. "या दिवसांत तर रोजच पडतं."

कॅप्टन एल्डनच्या कपाळाला आठ्या पडल्या. व्हिएतनामी भाषेत नुओक म्हणजे देश, आणि नुओक म्हणजेच पाणी. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! आपल्याइतकी ही भाषा अमेरिकेच्या फौजेत कुणाला येत नाही, असं तो येता-जाता ऐकवायचा. म्हातारा वेड पांघरून पेडगावला जातोय की काय, अशी त्याला शंका आली.

"मी पावसाचं बोलत नाही, कम्युनिस्टांचं बोलतोय. आज ते हा मुलूख घेतील, उद्या शेजारचा, परवा आमच्या दारात उभे राहतील. म्हणून आमचं सरकार म्हणतं, त्यांना इथंच रोखा. दुसऱ्याच्या अंगणात रोखलं, की आपल्या घरात शिरत नाहीत."

"अंगण आमचं," गुरुजी म्हणाले.

"तुमच्यासाठीच चाललंय ना सगळं."

"हं..."

गावातल्या बौद्ध मठाच्या पडवीत दोघंच बसले होते. एल्डन उद्या मायदेशी निघणार होता. खरं तर तो वाद घालायला आलाच नव्हता. त्याचा धाकटा भाऊ टोबी याच गावाशेजारी, नदीच्या वळणावर गोळी लागून गेला होता. आता घरी पोचलं की आई दारातच विचारणार, माझं लेकरू कशापायी गेलं? सरकारचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. पण तेच आईसमोर म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

गुरुजी उठले. माठातलं पाणी करवंटीत घेऊन त्यांनी त्याच्यापुढं धरलं.

"तुमचं नुओक कुठलं?"

"आमच्या घरामागंच आहे," एल्डन म्हणाला. "लहानसा ओढा. टोबी आणि मी दिवसभर त्यातच डुंबत असायचो. ओठ निळे पडायचे, तरी बाहेर निघायचो नाही. आई काठावरून हाका मारून मारून थकायची... फार आठवण येते हो."

बोलून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. गुरुजींनी देश विचारला होता आणि हा गडी ओढा सांगून बसला होता.

गुरुजी हसले नाहीत.

"त्या ओढ्यावर कुणी चालून आलं होतं?"

"नाही..."

एल्डनच्या हातात करवंटी तशीच होती. भाऊ गेला तेव्हा तो रडला नव्हता. माणसांसमोर रडायचं कसं, अधिकारी होता ना. आता मात्र डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"गुरुजी, टोबी कशापायी गेला, म्हणून आई विचारेल. तिला काय सांगू?"

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"या गावातल्या आयाही मला हेच विचारतात, बाळा. मी त्यांना सांगून ठेवलंय, साहेबांना ठाऊक असेल."