अक्कांची फिरती खुर्ची

“मग त्या रात्री, ढगात, तुमच्याशी आतून कोण बोललं?”

शाल्मलीनं हे विचारलं तेव्हा दमूअक्का शेळी हाकलत होत्या.

ही भेट तिनं मनात किती तरी वेळा रंगवली होती. दमयंती इनामदार... एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून, एकटीनं, अरबी समुद्र ओलांडून एडनला उतरलेली बाई. घरात भिंतभर फोटो असतील, खुंटीला कातडी टोपी असेल, नजर घारीसारखी असेल. प्रागला चित्रपटाचं शिक्षण घेतानाच शाल्मलीनं ठरवलं होतं, पहिला चित्रपट करीन तो हिच्यावर. पटकथा लिहूनच ती सांगलीकडच्या या गावी आली होती.

पाहते तो काय, बंद पडलेल्या धावपट्टीवर गावानं हळद वाळत घातलेली. कडेला एक बैठं घर. भिंतीवर फक्त कॅलेंडर. आणि रबरी चपला घातलेली, हातात काठी घेतलेली म्हातारी.

“ती दुसरी हाकल आधी,” अक्का म्हणाल्या. “खात नाही मेली, नुसती तुडवते. मग बोलू.”

शाल्मलीनं शेळी हाकलली.

ओसरीवर बसून तिनं पटकथा सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अक्का शेंगा सोलत ऐकत होत्या. चित्रपटातली दमयंती एडनला उतरते आणि तिथली माती कपाळाला लावते, असं आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

“मी उतरल्या उतरल्या संडास कुठे आहे ते विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “बरं, पुढे.”

पुढे तोच प्रसंग होता, ज्याच्यासाठी बाकीचा सगळा चित्रपट. काळोख, चहूकडे ढग, वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळेना. आणि मग दमयंती डोळे मिटते. आतून हाक येते, मनाचं ऐक. ती ऐकते, आणि वाट सापडते.

पैसे देणारे याच प्रसंगावर भाळले होते. पण शाल्मलीचं त्यात वेगळंच काही गुंतलं होतं. घरादारानं नको म्हटलेलं असताना ती अशाच एका हाकेवर प्रागला गेली होती. परतली होती तीसुद्धा त्याच हाकेवर. गावोगावच्या मुलींना तिला एवढंच सांगायचं होतं. अक्का नाही म्हणाल्या तर चित्रपट करायचा नाही, हेही तिनं स्वतःला बजावलं होतं.

“कसं वाटलं?” तिनं विचारलं.

अक्का उठल्या. आतून एक जुनी खुर्ची ढकलत घेऊन आल्या. फ्लाइंग क्लबात शिकवायच्या तेव्हापासूनची, गरकन फिरणारी. नव्या पोराला विमानाला हात लावू देण्याआधी त्या हिच्यावर बसवायच्या. अजूनही तिला शिलाई मशीनचं तेल घालायच्या, का ते कुणी विचारलं नव्हतं.

“बैस. डोळे मीट.”

शाल्मली बसली. अक्कांनी एक फडकं तिच्या डोळ्यांवरून घेऊन मागे गाठ मारली. फडक्याला हळदीचा वास होता. मग खुर्ची फिरू लागली... सावकाश, एका लयीत.

“काय होतंय?”

“उजवीकडे फिरतेय.”

“बरं.”

बराच वेळ गेला. दूर कुणी तरी हळद घोळवत होतं, तेवढाच आवाज.

“आता?”

“आता थांबले.”

“नक्की?”

“नक्की, अक्का. अगदी स्थिर आहे.”

अक्कांनी फडकं ओढून काढलं.

शाल्मलीच्या डोळ्यांसमोरून हळद गेली, भिंत गेली, पुन्हा हळद, पुन्हा भिंत. खुर्ची फिरतच होती. अक्का म्हातारं बोट लावून, लागतंय की नाही ते कळणारही नाही अशा बेतानं, ती फिरवत होत्या.

“मीट पुन्हा.”

तिनं मिटले. थोड्या वेळानं तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. “आता डावीकडे... जोरात...”

“उघड.”

खुर्ची जागच्या जागी होती. अक्कांनी तिला पायानं अडवून धरलं होतं.

शाल्मलीला गरगरत होतं. अक्कांनी ताकाचा पेला तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी खाली बसल्या.

“त्या रात्री मन अगदी शांत होतं माझं,” त्या म्हणाल्या. “सांगत होतं, दमे, सरळ चाललीयस. समोरच्या यंत्राच्या काचेमागची सुई म्हणत होती, कलंडलीयस, वळत वळत समुद्रात चाललीयस.”

“मग?”

“सुई म्हणेल तसे हात हलवले. सगळं अंग ओरडत होतं, चुकतेयस, पडशील... रडत होते मी. पण हात सुईचंच ऐकत होते. उजाडेपर्यंत.”

शाल्मलीचा ताकाचा पेला तसाच राहिला.

“म्हणजे मन खोटं बोलतं?” तिनं विचारलं. डोळे भरून आले होते. “मी मनाचंच ऐकून इथवर आलेय, अक्का.”

तिच्या गालाला लागलेली हळद अक्कांनी पदरानं पुसली. बोट मात्र तिच्या गालावर जरा जास्तच रेंगाळलं...

“ताक पी,” त्या म्हणाल्या. “ऊन झालंय. आज राहा इथेच.”

ती राहिली.

सकाळी अक्का धावपट्टीच्या कडेला काठी घेऊन उभ्या होत्या. शाल्मली त्यांच्याकडे चालत गेली. काल डोळ्यांत होतं ते पाणी आता नव्हतं. ती हाक काढून टाकणार, तिनं सांगितलं. संगीतही नाही. पडद्यावर फक्त एक रडणारा चेहरा, एक सुई आणि सुईचं ऐकणारे हात. पैसे देणाऱ्यांना आजच कळवते. गेले तर जाऊ देत, दुसरे शोधीन.

“असं केलं तर हो म्हणाल ना, अक्का?”

“हो,” अक्का म्हणाल्या. “कर.”

शाल्मली हसली. किती तरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

“आता काही शंकाच उरली नाही,” ती म्हणाली. “मन अगदी शांत आहे बघा.”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मायेनं... बराच वेळ. मग काठी तिच्या हातात दिली आणि घराकडे वळल्या.

“शांत आहे का? मग तू शेळ्या बघ जरा. मी खुर्ची घेऊन येते.”