फांदी उतरवली तेव्हा

गोण्या आत जाताना सगळ्यांनी पाहिल्या आणि सगळे गप्प बसले. आम्हाला कल्पना नव्हती, असं मागाहून म्हणणं सोपं असतं. कल्पना होती.

तटबंदीच्या एका गावात भिवरा नावाची एक वैद्यीण होती. गावाला शत्रूचा वेढा पडला होता. रोज तोफा चालत आणि रोज माणसं तिच्या दारात येऊन पडत. ती हाडं बसवायची, रुतलेलं शिसं काढायची, जखमा शिवायची. ती शूर वगैरे नव्हती. गोळा जवळ पडला की तिचे दात वाजत. सुई धरलेला हात तेवढा स्थिर राही.

त्या मुलखात एक जुनी रीत होती. ज्या घरात जखमी असतील, त्याच्या छपरावर कडुनिंबाची फांदी बांधायची. फांदीच्या घरावर तोफ डागायची नाही. भिवराच्या घरावर फांदी होती. शत्रूच्या छावणीतल्या एका तंबूवरही होती.

एका सकाळी किल्लेदार हैबतरावाचे शिपाई तिच्या तळघरात गोण्या रचू लागले. वासावरूनच तिने ओळखलं, की ही तोफेची दारू. तिने किल्लेदाराला गाठलं. वर माणसं निजली आहेत, एक ठिणगी पुरे, असं परोपरीनं विनवलं.

हैबतराव हसला. "अक्का, माझ्या तटाला जागोजागी भगदाडं पडलीत. तुझ्या पाल्याला एक ओरखडा नाही. याहून भक्कम कोठार असेल तर दाखव."

शिपाईही हसले.

ती घरी पोचते तोच गोंदा लोहाराला आणलं. मांडी फाटली होती आणि रक्त उसळत होतं. भिवराने नस बोटाने दाबली आणि मान वर केली, तर खिडकीतून समोरची टेकडी दिसली. टेकडीवरची शत्रूची तोफ हळूहळू वळत होती. तिचं तोंड या घराकडे येत होतं.

गोण्या तिकडूनही कोणीतरी पाहिल्या होत्या.

भिवराने बोट तसंच दाबून धरलं. गोंदाला हलवलं तर तो उंबऱ्यातच संपेल. दारू तळघरात राहिली तर सगळेच संपतील. आणि फांदीचं एक घर उडालं, की उद्या कुठलीच फांदी कोणी मानणार नाही. इकडची नाही, तिकडचीही नाही.

तिने शेजारच्या म्हाळसाबाईंचं बोट नसेवर ठेवलं आणि बजावलं, "मी येईपर्यंत हे बोट उचलायचं नाही." मग तिने खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, की मी फांदी उतरवते आहे. फांदीचा आडोसा गेला, की किल्लेदाराला दारू न्यावीच लागेल. पण तोवर आपण उघड्यावर.

गोंदा दात आवळून म्हणाला, "काढ, अक्का. वर पाला आणि खाली दारू. अशात नाहीतरी मला झोप लागली नसती."

ती छपरावर चढली. पायाखाली कौलं निसटत होती. समोर तोफेचं काळं तोंड होतं. तिने गाठ सोडली आणि फांदी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून खाली टाकली.

हैबतराव शिव्या देत धावत आला. पण फांदीवाचून ते तळघर म्हणजे गावाच्या पोटातला निखारा, हे त्यालाही कळलं. गोण्या भर उन्हात बाहेर निघू लागल्या. आत भिवरा नस बांधत होती. म्हाळसाबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. आता तोफ वाजेल, असं दर टाक्याला वाटत होतं.

शेवटची गोणी गेली. भिवराने पुन्हा वर चढून फांदी बांधली. तोफ वाजली नाही. गोंदा जगला. पाय लंगडा झाला, पण जगला.

पुढे तह झाला. तेव्हा शत्रूच्या तोफेवरचा एक गोलंदाज भाजलेला हात घेऊन भिवराकडे आला. त्याच टेकडीवरचा तो. पट्टी बांधता बांधता तिने विचारलं, की त्या दिवशी तोफ का डागली नाही?

"हुकूम होता, बाई. वातही पेटली होती," तो म्हणाला. "फांदी काय, रोजच दिसायची. खाली दारू आहे म्हणून तुम्ही ती उतरवलीत, तेव्हा कुठे ती खरी वाटली."

तात्पर्य: अभयाच्या खुणेआड शस्त्र लपवणारा आपल्याच जखमींवर तोफ ओढवून घेतो, आणि ती खूण टिकते ती भीत भीत का होईना, तिला खोटी होऊ न देणाऱ्यांमुळे.